मास्तरीणबाई आणि लहरी हीटर

गावातले निम्मे लोक मास्तरीणबाईंना घाबरतात आणि उरलेल्या निम्म्यांनी अजून गाडी शिकायला घेतलेली नाही. मास्तरीणबाई म्हटलं म्हणून फळा-खडू डोळ्यांपुढे आणू नका. त्यांची शाळा म्हणजे एक चौकोनी पांढरी गाडी, तिच्या टपावर शिकाऊ चालकाची पाटी, आणि चालवणाऱ्याच्या शेजारी ताठ बसलेल्या स्वतः बाई. त्या शेजारच्या सीटपुढे खाली बाईंसाठी वेगळा क्लच आणि वेगळा ब्रेक बसवलेला होता. शिकणाऱ्याने घोळ घातला की बाईंचा उजवा पाय खाली जायचा आणि गाडी जागच्या जागी उभी राहायची. मग बाई शांतपणे विचारायच्या, "काय दिसलं नाही तुम्हाला?"

शिकवायची तऱ्हाही न्यारी. पहिल्या दिवशी गाडी सुरूच करू द्यायच्या नाहीत. "आधी बसायला शिका." दुसऱ्या दिवसापासून समोर दिसेल ते मोठ्याने बोलायचं.

"सायकल. आजोबा. कुत्रा."

"कुत्र्याचं काय?"

"कुत्रा उभा आहे."

"उभा नाही. कुत्रा विचार करतोय. क्लच दाबा."

चांगले मिशीवाले गृहस्थ, ऑफिसात चारजणांना दरडावणारे, गल्लीबोळांतून "बाई, डावीकडे कोंबडी!" असं ओरडत गेलेले लोकांनी पाहिले आहेत. पण बाईंच्या हाताखालून गेलेल्या माणसाने कुणाला धडक दिली असं काही कानावर आलं नाही. त्यामुळे लोक घाबरायचे आणि पोरीबाळींना त्यांच्याकडेच पाठवायचे.

एवढ्या वर्षांत बाईंचा उजवा बूट नेहमी आधी झिजायचा. चांभार म्हणायचा, "बाई, डाव्याला हात लावायची गरज नाही हो. उजव्याचंच असं काय होतं?" बाई म्हणायच्या, "उजवाच कमावतो."

गेल्या उन्हाळ्यात गुडघे कुरकुरायला लागले आणि बाईंनी शाळा बंद केली. टपावरची पाटी काढली. गॅरेजवाल्या मेकॅनिकने शेजारच्या सीटपुढचा तो जादा क्लच आणि ब्रेक काढून टाकला. ज्या लोखंडी पट्टीवर ते बसवलेले होते ती पट्टी तेवढी राहिली. "काढू का हीसुद्धा?" त्याने विचारलं. बाई म्हणाल्या, "राहू दे, उगाच खाली भोकं पडतील, वारा येईल. वरून गालिचा टाक." त्याने टाकला. शाळेची गाडी घरची गाडी झाली.

घरात माणसं तीन. बाई, त्यांचे यजमान आणि लेक. यजमान पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेले, स्वभावाने गरीब. गाडी चालवतात, पण तिसऱ्या गिअरच्या वर जायला त्यांना अजून कारण सापडलेलं नाही. लेक रक्त-लघवी तपासायचं शिक्षण घेऊन इथल्याच एका दवाखान्यात कामाला होती. गाडी ती अर्थात आईकडेच शिकली. परीक्षेत पहिल्या फटक्यात पास झाली तेव्हा आई म्हणाली, "बरं." एवढंच. त्या "बरं"वर पोरगी अजून खार खाऊन आहे.

आता गोष्ट सुरू होते ती या लेकीच्या नोकरीपासून. घाट चढून वर गेलं की डोंगरावरच्या गावात एक मोठं इस्पितळ आहे. तिथली प्रयोगशाळा नव्याने उभी करायची होती आणि ती सांभाळायला त्यांनी हिला बोलावलं. मोठं काम, स्वतःच्या अखत्यारीतलं. पोरगी हवेत तरंगत घरी आली. अडचण एकच. रविवारी वर जायचं, शुक्रवारी खाली यायचं, आणि मधल्या दिवसांत आजूबाजूच्या लहान दवाखान्यांतून नमुने गोळा करायला हिंडायचं, म्हणजे गाडी हवीच. घरची गाडी होतीच. यजमानांनी हो म्हटलं, पण थंडी सुरू झालेली होती आणि डोंगरावर धुकं दाट असतं, म्हणून एक अट घातली.

"हीटर चालू पाहिजे," ते म्हणाले. "हीटर नसला की काच आतून धुरकटते. धुरकटली की वळण दिसत नाही. हीटर नीट असेल तर गाडी घेऊन जा, नसेल तर नाही. पुढे आपली चर्चा नको."

"बाबा, हीटर चालतो की!"

"चालतो ना? मग झालं."

इस्पितळाला शनिवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

आणि हीटरला नेमकी तेव्हाच लहर आली.

पहिल्यांदा झालं ते घाटात. लेक सरावाला निघाली होती, शेजारी बाई. एकटी जाते म्हणायची सोयच नव्हती, ती किल्ली शोधेपर्यंत बाई आधीच सीटवर बसून पट्टा लावून तयार. गावातून निघताना गाडी कशी उबदार होती. घाट लागला, दुसरं की तिसरं वळण आलं, आणि पायांवर येणारा गरम वारा एकदम गार पडला. गार म्हणजे बर्फावरून आल्यासारखा.

"आई, तू हीटर बंद केलास?"

"मी कशाला करू? हात बघ माझे कुठे आहेत." हात मांडीवर होते, खरंच.

काच धुरकटायला लागली. लेकीने एका हाताने पुसायला घेतली.

"दोन्ही हात स्टिअरिंगवर!"

"मग काच कोण पुसणार?"

"मी पुसते. तू रस्ता बघ."

"रस्ता दिसला तर बघेन ना!"

अशी मायलेकींची जुगलबंदी चालली असताना गाडी एका खड्ड्यात आपटली आणि हीटर जसा गेला तसा परत आला. भसाभस गरम. दोन वळणं गेली, पुन्हा गार. पुन्हा खड्डा, पुन्हा गरम. घरी येईपर्यंत दोघींच्या अंगात निम्मा हिवाळा, निम्मा उन्हाळा.

दुसऱ्या दिवशी गाडी मेकॅनिककडे. हा मेकॅनिक गावातली कुठलीही गाडी डोळे मिटून उघडेल असा, पण गाडी चालवायची परीक्षा तो मागे जाताना खांबाला टेकून टेकून चौथ्या खेपेला पास झालेला. शिकवणी कुणाची, सांगायला नको. त्यामुळे बाई गॅरेजमध्ये शिरल्या की तो अजूनही हातातलं सगळं खाली ठेवून उभा राहतो.

त्याने गाडीची एक फेरी मारली. हीटर गरम. दुसरी मारली. गरम.

"बाई, भट्टी आहे नुसती. कणसं भाजून घ्या हवी तर."

"काल गार होता."

"काल काल होतं, बाई."

बाईंनी नुसतं बघितलं. तो म्हणाला, "नाही, बघतो ना. बघतो."

त्यातच यजमान बाईंना घेऊन बाजारात गेले आणि परत येताना गार वारा. यजमानांनी येऊन सांगितलं, "आम्ही हळू चाललो होतो, तेव्हा झालं." मेकॅनिकला धागा सापडला. इंजिनातलं गरम पाणी हीटरमधून फिरतं, त्याच्यावरून वारा येतो, म्हणून वारा गरम लागतो. पाणी कमी असलं, किंवा पाइपात हवेचा बुडबुडा अडकला, तर गाडी हळू असताना पाणी पुढे ढकललं जात नाही आणि वारा गार पडतो. "हेच ते!" तो म्हणाला. इंजिन थंड असताना झाकण उघडून बघितलं तर पाणी थोडंसं खाली होतंच. त्याने पुढची चाकं उतरणीच्या फळ्यांवर चढवली, झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू केलं, हीटर पूर्ण गरमवर ठेवला, आणि बुडबुडे येत राहिले तोवर पाणी भरत राहिला. बुडबुडे थांबले. त्याने फेरी मारली. गरम.

लेक आणि बाई घाटात गेल्या. गार.

मग त्याने थर्मोस्टॅट बदलला. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनातला तो छोटा दरवाजा, पाणी तापलं की उघडणारा. तो उघडाच अडकला असेल तर इंजिन नीट तापत नाही. नवा बसवला. फेरी मारली. गरम. मायलेकींनी घाटात नेली. गार. मेकॅनिक डोकं खाजवत म्हणाला, "बाई, रागवू नका, पण तुमच्या घरच्यांनाच थंडी जरा जास्त वाजत असेल का?"

"तुला खांब आठवतो का रे?" बाई म्हणाल्या.

"आठवतो बाई."

"मग कामाला लाग."

पण त्यानंतर त्याने जे सांगितलं ते शहाणपणाचं होतं. म्हणाला, माझ्यासमोर हा बिघाड होतच नाही, तर तुम्हीच माझे हात व्हा. गार पडला की तिथेच गाडी बाजूला घ्या, बॉनेट उघडा, इंजिनाकडून आत जाणारे दोन पाइप आहेत, एक जाणारा, एक येणारा, दोन्हींना हात लावा. दोन्ही गार असले तर पाणी फिरत नाही. एक गरम एक गार असला तर हीटरच्या आत कचरा अडकलाय. दोन्ही गरम असले तर पाण्याचा काही दोष नाही, वाऱ्याचा आहे. गरम आणि गार वारा मिसळणारी आत एक झडप असते, तिचा.

गुरुवारी मायलेकी घाटात गेल्या. चौथ्या वळणावर गार. लेकीने गाडी बाजूला घेतली, इंजिन सुरूच ठेवलं, दोघी उतरल्या, बॉनेट उघडलं. लेकीने पाइपाला हात लावला आणि "आई गं!" करून ओढून घेतला. दुसऱ्याला लावला, तोही तसाच.

"दोन्ही चटके देतायत."

"मग झडप," बाई म्हणाल्या.

लेकीने तिथूनच मेकॅनिकला फोन लावला. तो पलीकडून बोलत होता ते बाईंना ऐकू येत नव्हतं, पण लेकीचा चेहरा बघून सगळं कळत होतं. झडप आत खोल असते. तिच्यापर्यंत जायचं तर आख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागेल. आज गुरुवार. आठवडा जाईल.

"बरं," लेक म्हणाली आणि फोन ठेवला. बॉनेट हळूच बंद केलं. "आई, मी उद्या संध्याकाळी नाही म्हणून कळवते."

बाई सीटवर बसल्या आणि दार धाडकन ओढलं, रागाने म्हणा, थंडीने म्हणा. तर वारा एकदम गरम झाला.

लेक बिचारी आपल्याच विचारात. तिच्या लक्षातही आलं नाही. बाईंच्या आलं.

तीस वर्षं दुसऱ्याच्या चुका पकडण्यात गेलेली बाई ती. घरी येईपर्यंत बाहेर बघत बसल्या, पण डोकं चालू. खड्ड्यात आपटली की गरम होतो. दार आपटलं की गरम होतो. म्हणजे झडप कुठेतरी चिकटते आणि हिसक्याने सुटते. ठीक. पण चिकटते कधी? मेकॅनिक चालवतो तेव्हा नाही. मी एकटी चालवते तेव्हाही नाही, परवाच भाजी आणली, गाडी मस्त गरम होती. लेक चालवते तेव्हा होतं. यजमान चालवतात तेव्हा होतं. लेक घाटात, यजमान सपाटीवर. ही भरभर, ते मुंगीच्या पावलाने. दोघांत सारखं काय?

उत्तर काही फार लांब बसलेलं नव्हतं. शेजारच्या सीटवरच होतं.

शुक्रवारी दुपारी लेक कामावर होती, यजमान जेवून आडवे झालेले. बाईंनी किल्ली घेतली, अंगणात उभ्या असलेल्या गाडीचं इंजिन सुरू केलं, हीटर गरमवर टाकला, आणि उतरून पलीकडच्या दाराने शेजारच्या सीटवर जाऊन बसल्या. पाय तापेपर्यंत थांबल्या. मग डोळ्यांपुढे घाट आणला. वळण, पलीकडून ट्रक, आणि लेकीच्या हातात स्टिअरिंग. आणि उजवा पाय, कुणी न सांगता, आपणहून खाली गेला.

गालिच्याखालची पट्टी कुईं करून वाकली. बाजूचं प्लास्टिक किंचित हललं. वारा गार.

पाय उचलला. गारच. दार उघडून आपटलं. गरम.

पुन्हा दाबला. गार. आपटलं. गरम.

एवढ्या आपटाआपटीने यजमान जागे झाले नसते तरच नवल. दारात येऊन उभे राहिले. इंजिन सुरू, चालवायची सीट रिकामी आणि बायको शेजारच्या सीटवर दारं आपटत बसलेली.

"अगं, कुठे निघालीस?"

"कुठे नाही."

"मग चालवतंय कोण?"

"कोणी नाही. जा तुम्ही, झोपा."

संसार जुना असला की माणूस अशा वेळी जाऊन झोपतो. ते गेले.

बाईंनी इंजिन बंद केलं आणि तिथेच बसून राहिल्या. सगळं लख्ख झालं होतं. हीटरच्या झडपेची केबल त्या बाजूच्या प्लास्टिकमागून जात असणार. ब्रेक काढला, पट्टी राहिली. ब्रेक असताना पाय ब्रेकवर पडायचा, आता नुसत्या पट्टीवर पडतो. पट्टी वाकते, प्लास्टिक दबतं, केबल ओढली जाते, झडप मिटते आणि जुनी असल्याने तिथेच चिकटून बसते. गाडीला काही झालेलं नाही. डॅशबोर्ड उतरवायला नको. बिघाड बुटात आहे, उजव्या.

आणि आता खरं सांगायचं तर बाईंना पहिल्यांदा काय वाटलं? बरं वाटलं. हो हो, वाटलं. चारचौघांत त्याच म्हणत होत्या की पोरीने गेलं पाहिजे, एवढी संधी कुणी सोडतं का. आणि घाटाचं नाव काढलं की धास्ती घ्यायच्या त्याही त्याच. आता काही बोलायचीसुद्धा गरज नव्हती. गप्प बसायचं, बस. मेकॅनिक डॅशबोर्ड उतरवेल, त्याला काही सापडणार नाही, परत चढवेल. हिवाळा निघून जाईल. पोरगी खालच्याच दवाखान्यात राहील, संध्याकाळी घरी येईल, चपला इकडेतिकडे टाकेल, आपण ओरडू. कुणी कुणाला बोल लावणार नाही. गाडीने दगा दिला म्हणतील. गाडी काय बोलणार?

दुपारभर बाईंनी हा विचार उलटापालटा करून बघितला. चहा केला, प्यायचा विसरल्या.

संध्याकाळी लेक आली. हातपाय धुतले आणि फोन घेऊन मागच्या अंगणात गेली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती दिसत होती. फोन लावण्याआधी ती वाक्य पाठ करत होती, लहानपणी तोंडी परीक्षेच्या आधी करायची तशी, येरझाऱ्या घालत.

"नमस्कार, मला फार आनंद झाला होता पण काही घरगुती अडचणीमुळे... नाही. नमस्कार. घरगुती अडचण आल्यामुळे मला..."

घरगुती अडचण. बाईंच्या हातातला टॉवेल खाली पडला. अडचण खिडकीत उभी राहून ऐकत होती.

"ए," त्यांनी खिडकीतून हाक मारली. "फोन ठेव खाली. गाडीत ये."

"आई, आता नको. मला आधी हे..."

"ये म्हणते ना!"

मास्तरीणबाईंचा तो आवाज गावात ज्यांनी ऐकलाय ते आजही तो ऐकून क्लच दाबतात. लेक आली. बाई चालवायच्या सीटवर बसल्या होत्या, इंजिन सुरू, हीटर गरम. लेकीला शेजारी बसवलं.

"उजवा पाय पुढे घे. अजून पुढे. गालिच्याखाली कडक लागतंय काही? तिथे दाब. जोरात. समोर ट्रक आलाय असं समज."

लेकीने दाबला. वारा गार पडला. तिने पाय उचलला, गारच. बाईंनी हात लांब करून तिच्या बाजूचं दार उघडून आपटलं. गरम.

लेक वाऱ्यासमोर हात धरून बसली. म्हणाली, "परत." पुन्हा केलं. "परत." पुन्हा केलं. मग तिने मान वळवून आईकडे बघितलं.

"म्हणजे आख्खा घाट तू ब्रेक मारत होतीस."

"हो."

"प्रत्येक वळणावर."

"जवळजवळ."

"माझ्या गाडीत बसून. मी चालवत असताना." तिचा आवाज बारीक झाला. "एवढी वाईट चालवते मी? सांगायचं ना मग सरळ! तिकडे मी वेड्यासारखी पाइपांना हात लावत होते, चटके खात होते..."

"मला आज दुपारी कळलं."

"दुपारी? आणि आता संध्याकाळ आहे."

बाईंनी स्टिअरिंगवरची धूळ पदराने पुसली. दुपार ते संध्याकाळ मधे काय काय होतं ते दोघींना कळलं. लेकीने नाक ओढलं आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

"तीस वर्षं," बाई म्हणाल्या, "शेजारी कुणीही असो, हा पाय दाबलाय मी. विचारून नाही दाबत तो. तुझ्या बाबांच्या शेजारी बसले की त्यांच्यासाठीही दाबते, आणि त्यांची गाडी तर मुळात चालतच नाही."

लेकीला हसू आलं, पण तिने ते दाबून धरलं. रागवायचा हक्क एवढ्यात सोडायचा नव्हता.

"खरं सांग. माझ्यासाठी गरज होती म्हणून कितीदा दाबलास?"

बाईंनी खरंच आठवून बघितलं. बाई तशा खोटं नाही बोलत, शिकवतानासुद्धा कुणाची खोटी वाहवा केली नाही.

"एकदा. तो दुधाचा ट्रक अंगावर आला होता तेव्हा."

"तेव्हा मी ब्रेक मारला होता! माझ्या ब्रेकनेच थांबली गाडी!"

"माहितीये."

"मग?"

"तुझा माझ्या आधी लागला," बाई म्हणाल्या. "माझा पाय खाली पोचला तेव्हा गाडी थांबत आली होती. मला तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलायचं काय त्यात?"

"आई, तू म्हणजे ना!" लेक म्हणाली, आणि आता मात्र ती मोकळी हसली, डोळे पुसत पुसत. दार उघडून उतरली, फोन लावला आणि अंगणात येरझाऱ्या घालायला लागली. काच बंद होती, बाईंना तुटक तुटकच ऐकू येत होतं. "हो... सोमवारी... हो, स्वतःची गाडी आहे... नाही नाही, अडचण काही नाही." मग ती काचेपाशी आली, टकटक केली.

"राहायची खोली बघायला रविवारी सकाळीच वर जायचंय. येणार आहेस?"

"मी?"

"तू. पण मागे बसायचं."

शनिवारी मेकॅनिकने गालिचा उचलला, पट्टी कापून काढली, केबल सरळ करून तिला नवी पकड बसवली आणि झडपेच्या सांध्याला तेल दिलं. सगळी हकिकत ऐकल्यावर त्याचा चेहरा असा झाला होता की हसू कुठे ठेवावं ते त्याला कळेना.

"हस बाबा," बाई म्हणाल्या. "एवढी वर्षं वाट बघत होतास."

"नाही बाई, मी कशाला," म्हणत तो गाडीखाली शिरला आणि तिथून बराच वेळ बाहेरच आला नाही. गाडी नुसती हलत होती.

संध्याकाळी यजमानांनी स्वतः गाडी तपासली. बाईंना शेजारी बसवून, तिसऱ्या गिअरमध्ये, सबंध गावाला वळसा घालून आले. बाईंचा पाय किती वेळा खाली गेला ते विचारू नका. वारा शेवटपर्यंत गरम होता. घरी येऊन त्यांनी किल्ली लेकीच्या हातात दिली आणि "जपून" एवढं म्हणाले. त्यांच्या मानाने ते भाषण होतं.

रविवारी सकाळी निघाले. लेक चालवायला, यजमान तिच्या शेजारी, बाई मागे. एवढ्या वर्षांत त्या घाटातून किती वेळा गेल्या असतील, पण मागच्या सीटवरून कधी नाही. सुरुवातीला फार अवघड गेलं. पुढचं काही दिसत नव्हतं, यजमानांचं टक्कल मधे येत होतं. "पुढे काय आहे?" त्यांनी दोनदा विचारलं. "रस्ता," लेक म्हणाली. मग नाइलाजाने बाईंनी बाजूच्या काचेतून बाहेर बघायला घेतलं. खाली दरी, दरीत एक लहानसं तळं, तळ्याकाठी कुणाचं तरी एकटं घर.

"अहो, इथे तळं आहे."

"पहिल्यापासून आहे," यजमान म्हणाले.

"मला कुणी सांगितलं नाही."

त्यानंतर मागून आवाज येणं थांबलं. पायांवर गरम वारा येत होता, काच स्वच्छ होती, आणि लेक एकामागून एक वळणं घेत होती, कुणी "क्लच" म्हटलं नाही की "कुत्रा" म्हटलं नाही. शेवटच्या चढावर यजमानांनी हळूच मान वळवून मागे बघितलं आणि लेकीला डोळ्याने खूण केली. तिने आरशात बघितलं. बाईंची मान एका खांद्यावर कलली होती, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता, तोंड उघडं होतं.

इस्पितळाच्या फाटकाशी गाडी थांबली, लेकीने उतरून मागचं दार उघडलं.

"आई. ए आई. पोचलो. उतर."

बाईंनी चष्मा वर सरकवला. आजूबाजूला बघितलं. "झोपले नव्हते मी," म्हणाल्या. "डोळे मिटून तू गिअर कसे टाकतेस ते ऐकत होते."

"घोरत?"

"मग कसे टाकतेस ते ऐकायचं असेल तर गप्प नको का बसायला माणसाने?" असं काहीतरी, ज्याचा अर्थ त्यांना स्वतःलाही लागला नसता, ते बोलून बाई खाली उतरल्या आणि लेकीची बॅग उचलून खोली बघायला तिच्या पुढे चालायला लागल्या.